घड्याळाच्या मते मी निवांत होते

ताण मोजणारं मनगटी घड्याळ घ्यावं की नाही, या प्रश्नाला माझं उत्तर असं: रात्रीसाठी घ्या, दिवसाच्या आकड्यासाठी घेऊ नका. कामाचा सगळ्यात तापलेला हंगाम मी ते मनगटावर बांधून काढलाय, तेव्हा हे मत दुकानात उभं राहून केलेलं नाही. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. ज्या गोष्टींबद्दल मी कुरकुर करणार आहे त्या काही एकाच कंपनीच्या नाहीत. ताणाचा आकडा दाखवणारी बहुतेक घड्याळं आतून एकाच तत्त्वावर चालतात.

मी ऑफसेट छापखान्यात प्रॉडक्शन सांभाळते. वर्षाचे नऊ महिने हे काम चारचौघांच्या कामासारखंच असतं. शेवटच्या तिमाहीत मात्र पुढच्या वर्षाची कॅलेंडरं आणि डायऱ्या अंगावर येतात. कॅलेंडर हा मोठा निर्दय माल आहे. पुस्तक आठवडाभर उशिरा आलं तर लेखक रुसतो, पण पुस्तक विकलं जातं. कॅलेंडर जानेवारी उलटल्यावर आलं तर थेट रद्दीत. सगळ्या पार्ट्यांना डिलिव्हरी एकाच आठवड्यात हवी असते. छपाईची प्लेट बनून मशीनवर चढल्यावरच कुणाला तरी लोगोचा निळा फिका वाटू लागतो. हवेत दमटपणा वाढला की कागद फुगतो आणि चार रंग एकमेकांवर बसायचं नाव घेत नाहीत. वर शाई वाळायच्या आत माल कटिंगला न्यायची घाई जो तो करत असतो, आणि शाईला कुणाच्याही घाईचं सोयरसुतक नसतं. या दिवसांत माझी चिडचिड घरापर्यंत पोचते, झोप मध्येच मोडते आणि रात्रभर दात इतके आवळलेले असतात की सकाळी जबडा दुखतो. ते बघून मुलीने हे घड्याळ माझ्या हातात ठेवलं. म्हणाली, "आई, निदान तुला कळेल तरी." काय कळेल, ते तिने सांगितलं नाही.

दिसायला वस्तू साधी आहे. काळी तबकडी, रबरी पट्टा, पाठीवर हिरवे दिवे. ताणाचा आकडा 0 ते 100 मध्ये येतो. खालच्या बाजूला निळा रंग म्हणजे विश्रांती, वरच्या बाजूला नारिंगी म्हणजे ताण. दिवसभराचा आलेख फोनवर दिसतो, रात्रीचा वेगळा. सोबत पावलं, नाडी, झोप आणि दोन मिनिटांचा श्वासाचा व्यायाम आहे. जुळवाजुळव करायला काही अक्कल लागत नाही, ते काम पटकन होतं.

आता हा आकडा येतो कुठून, ते नीट समजून घेतल्याशिवाय या घड्याळाशी जमत नाही. माहितीपत्रकात ते एका ओळीत उरकलेलं होतं. नाडी मिनिटाला 60 असली म्हणून दर सेकंदाला बरोबर एक ठोका पडतो असं नसतं. एक अंतर 0.94 सेकंदाचं, पुढचं 1.07 सेकंदाचं, असं ते सतत हलत असतं. श्वास आत घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात. मेंदूपासून पोटापर्यंत उतरणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाला लगाम घालत असतो, त्यामुळे हे होतं. लगाम चांगला लागलेला असला की अंतरं मोकळेपणाने कमीजास्त होतात. धोका जाणवला, धावपळ झाली, ताप आला, की शरीराची दुसरी यंत्रणा जोर धरते, नाडी वाढते आणि अंतरं एकसारखी होऊ लागतात. पाठीवरच्या हिरव्या दिव्यांचं काम एवढंच: रक्त हिरवा प्रकाश शोषतं, प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त वाढतं, परत येणारा प्रकाश कमी होतो, आणि घड्याळ त्यावरून अंतरं मोजतं. पुढे कंपनीचं गणित लागतं आणि 0 ते 100 मधला आकडा पडतो. म्हणजे घड्याळ हृदयाची लय बघतं. तुमचा ताण त्याने कधी पाहिलेलाच नसतो.

दिवसाचा आलेख मी पहिल्यांदा बारकाईने बघितला तेव्हा त्यात मोठमोठी पांढरी भगदाडं दिसली. वाटलं, घड्याळ बिघडलं. तसं नव्हतं. हात हलत असला की मनगटातला प्रकाशाचा खेळ बिघडतो, म्हणून बरीच घड्याळं चालता-फिरताना ताणाचा आकडा देतच नाहीत. आणि मी बसलेली असते कधी? मशीनपासून कटिंगला, कटिंगपासून बाइंडिंगला, तिथून पुन्हा मशीनवर, भिंग घेऊन रजिस्टर, म्हणजे चारही रंग एकमेकांवर नीट बसलेत का, ते बघायला. त्यातही चालू मशीनजवळ हात घालायचा असेल तर घड्याळ काढावंच लागतं. फिरत्या रोलरपाशी घड्याळ, अंगठी, बांगडी काही चालत नाही. आमचा मशीनमन तर पाळी संपेपर्यंत मनगटावर दोरासुद्धा बांधत नाही, आणि छापखान्यात सगळ्यांत जास्त ताण त्याच्यावर असतो. थोडक्यात, माझ्या दिवसातले जे तास खरोखर जीव खाणारे होते, तेच या आलेखात कोरे होते.

भरलेल्या तासांची गंमत आणखी वेगळी. एका पार्टीने मला फोनवर जवळजवळ अर्धा तास धारेवर धरलं. डायरीच्या कव्हरवरचं सोनेरी फॉइल त्यांना हव्या त्या छटेचं नव्हतं, आणि नमुन्यावर सही त्यांचीच होती. मी खुर्चीत बसून, आवाज न चढवता, सहीचा कागद समोर धरून ऐकत राहिले. पोटात गोळा आलेला. फोन ठेवल्यावर आलेख बघितला तर निळा. घड्याळाच्या मते मी निवांत होते. त्याच आठवड्यात मुलीने तिची निवड झाल्याचं कळवलं, मी जागच्या जागी उभी राहून फोनवर तिच्याशी बोलत होते, आणि घड्याळ भडक नारिंगी. वर मनगटाला हलकेच हादरा देऊन त्याने सूचनाही केली: तुमचा ताण वाढलेला दिसतो, थोडी विश्रांती घ्या. आनंदात असलेल्या माणसाला असला सल्ला देण्याइतकं अरसिक यंत्र मी दुसरं पाहिलं नाही.

हा घड्याळाचा दोष म्हणावा की शरीराचा, हे ठरवणं अवघड आहे. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने 1915 मध्ये लढा-किंवा-पळा या, धोका दिसताच शरीराला झुंजायला किंवा पळायला सज्ज करणाऱ्या प्रतिक्रियेबद्दल लिहिलं. नंतर हान्स सेल्ये या संशोधकाने 1936 साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक छोटं टिपण प्रसिद्ध केलं. उंदरांना थंडी सोसायला लावली काय, इजा केली काय किंवा औषधांचा मारा केला काय, शरीराचं उत्तर बरंचसं एकच येतं, असं त्याला दिसलं होतं. कारणं वेगळी, प्रतिसाद तोच. पुढे तर तो म्हणत असे की मागणी सुखाची आहे की दुःखाची, याने शरीराच्या त्या पहिल्या प्रतिसादात फारसा फरक पडत नाही. मग मनगटावरचे चार हिरवे दिवे तो फरक कुठून आणणार? आमच्याकडे डेन्सिटोमीटर असतो, तो कागदावर शाई किती दाट बसली ते दशांशात सांगतो. चित्र बघवतंय का, हे त्याला विचारायचं नसतं.

माझा अनुभव एकटीचा आहे म्हणून सोडून देता आला असता. पण नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठातल्या संशोधकांचा 2025 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच वळणाचा आहे. जवळपास 800 तरुणांनी तीन महिने असं घड्याळ घातलं आणि दिवसातून चार वेळा आपल्याला कसं वाटतंय ते फोनवर नोंदवलं. घड्याळाचा ताणाचा आकडा आणि माणसांनी स्वतः सांगितलेला ताण यांचा मेळ जवळजवळ बसलाच नाही. झोपेचा मेळ मात्र बऱ्यापैकी बसला.

आणि झोपेच्या बाबतीत मीही याच घड्याळाची बाजू घेणार आहे.

रात्री हात हलत नाही, कुणी फोन करत नाही, जिने चढायचे नसतात. हिरव्या दिव्यांना शांतपणे काम करता येतं, त्यामुळे रात्रीचा आलेख भगदाडांशिवाय येतो. हंगामाआधीच्या माझ्या रात्री बहुतेक निळ्या होत्या: अंग टेकल्यावर थोड्याच वेळात आकडा खाली, पहाटेपर्यंत तसाच. हंगाम चढल्यावर चित्र पालटलं. मी झोपलेली, पण पहिला मोठा भाग नारिंगी, नाडी नेहमीपेक्षा वर, आणि निळा रंग कुठे तरी पहाटे उगवलेला. मला वाटत होतं की माझं सगळं दुखणं दिवसाचं आहे. आलेख सांगत होता की दिवस रात्रीतही चालूच आहे. हे मला नुसतं आठवून कळलं नसतं, कारण झोपेत आपण साक्षीला नसतो.

मग मी घड्याळाचा उपयोग एखाद्या चौकशी अधिकाऱ्यासारखा केला. उशिरा जेवलं की पहिला भाग नारिंगी. सर्दी झाली की अख्खी रात्र नारिंगी, लक्षणं दिसायच्या आधीपासून. संध्याकाळी उशिरा कॅफीन घेतलं तरीही तेच. ते अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, कुणाला कमी, कुणाला जास्त. ही सगळी कारणं एकमेकांत मिसळतात, म्हणून एका रात्रीवरून काही ठरवायचं नाही, आठवडे शेजारी ठेवायचे. तसे ठेवल्यावर सगळ्यात ठळक दिसली ती एकच गोष्ट: ज्या संध्याकाळी मी उद्याचे जॉब डोक्यात घेऊन आडवी झाले, त्या रात्री वाईट. कुठल्या मशीनवर आधी काय चढवायचं, लॅमिनेशनचा रोल पुरेल का, वायरो बाइंडिंगची माणसं किती, हे मी उशीवर डोकं ठेवून ठरवत होते.

यावर उपाय घड्याळाने सुचवला नाही, तो मी दुसरीकडे वाचला होता. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या 2018 च्या एका प्रयोगात 57 जणांना झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला सांगितलं होतं. निम्म्यांनी पुढच्या दिवसांत करायची कामं लिहिली, निम्म्यांनी झालेली. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी तपशिलवार तितका फायदा जास्त. प्रयोग लहान आहे, त्यावर कुणी देऊळ बांधू नये. पण मी बाद झालेल्या शीटच्या कोऱ्या बाजूवर रोज रात्री यादी करू लागले. "कॅलेंडरचं बघणे" असं मोघम नाही, तर "दुसऱ्या फर्म्याच्या प्लेटा सकाळी आधी, निळा वाढवल्यावर पार्टीची सही, मगच मशीन" असं. शीट उशाशी ठेवायची नाही, बाहेरच्या खोलीत ठेवायची. घड्याळाच्या आलेखात निळा रंग लगेच पहिल्या तासात आला असं म्हणणार नाही, पण पहाटेवरून मध्यरात्रीकडे सरकला. हंगामात एवढं पुष्कळ आहे.

झोपेची आणखी एक भानगड आहे, ती मात्र बंद करून टाका. घड्याळ सकाळी झोपेला गुण देतं. मी बरी उठायचे, अंग हलकं, आणि मग स्क्रीनवर कमी गुण दिसले की दिवसभर स्वतःला थकलेली समजायचे. झोपेचे आकडे सुधारण्याच्या नादात झोपच बिघडते, अशी माणसं डॉक्टरांना दिसू लागली तेव्हा 2017 मध्ये त्याला ऑर्थोसोम्निया असं नावही दिलं गेलं. मी गुणांचा चौकोन पहिल्या पानावरून काढला. आता आलेख आठवड्यातून एकदाच बघते, सुट्टीच्या सकाळी, सगळ्या रात्री एकत्र.

ताण वाढल्याच्या सूचनाही बंद. त्या कुणी आणि का आखल्या असतील ते समजतं, पण मशीन थांबलेलं, पार्टी दारात उभी, आणि मनगटावर हादरा: "शांत व्हा." तो हादरा हाच त्या दिवसाचा आणखी एक जॉब होतो.

श्वासाचा व्यायाम ही या घड्याळातली मला सगळ्यात आवडलेली सोय, आणि तिच्यासाठी घड्याळ लागत नाही हे आधीच सांगते. तबकडीवर एक वर्तुळ फुगतं आणि आकसतं, त्याच्याबरोबर श्वास घ्यायचा, सोडायचा. एरवी आपण स्वस्थ असताना मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. हे वर्तुळ सहाच्या आसपास आणतं. श्वास सोडताना ठोके लांबतात हे वर आलंच आहे, त्यामुळे सोडणं जितकं लांबवू तितका व्हेगसचा लगाम जास्त वेळ लागलेला राहतो. दोन मिनिटांत नाडी उतरलेली दिसते आणि ती खरीच उतरलेली असते. इथे घड्याळाचा आकडा आणि माझं वाटणं यांचं पटतं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज पाच मिनिटं, महिनाभर, वेगवेगळे श्वास करून पाहिले होते. नाकाने श्वास घ्यायचा, त्यावर आणखी एक छोटा घोट श्वासाचा, मग तोंडाने सावकाश लांब सोडायचा: हा प्रकार करणाऱ्यांचा मूड ध्यान करणाऱ्या गटापेक्षा जास्त सुधारला. चिंता सगळ्याच गटांत कमी झाली. मी हा प्रकार कागदाच्या गोदामात करते. तिथे रीमच्या थप्प्यांमुळे मशीनचा आवाज दबतो आणि कुणी शोधत येईपर्यंत थोडा वेळ मिळतो. घड्याळातलं वर्तुळ आता बघत नाही, लय अंगात बसली.

तुलनेसाठी एक फुकटची गोष्ट सांगते. मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये जाणवणारा ताण मोजणारी प्रश्नावली तयार केली. मूळ चौदा प्रश्नांची, हल्ली दहा प्रश्नांची जास्त वापरतात, गुण 0 ते 40. गेल्या महिन्यात महत्त्वाच्या गोष्टी आपल्या हाताबाहेर चालल्या आहेत असं किती वेळा वाटलं, अडचणींचा डोंगर पार करता येणार नाही असं किती वेळा वाटलं, अशा धर्तीचे प्रश्न आहेत. त्या प्रश्नांनी मला जे सांगितलं ते घड्याळाने कधीच सांगितलं नाही: माझा ताण कामाच्या ढिगाने येत नाही, सही झालेला प्रूफ बदलला जातो तेव्हा येतो. ढीग मी उपसते. ज्याच्यावर माझा ताबाच नाही तिथे जबडा आवळला जातो. हे कळल्यावर मी मालकांकडून एक नियम मंजूर करून घेतला. प्लेट बनल्यावर बदल हवा असेल तर पार्टीने नवीन तारखेवरही सही करायची. तोंडी काही नाही. या एका कागदाने माझ्या हंगामाला जेवढा हातभार लावला तेवढा कुठल्याही हिरव्या दिव्याने लावला नाही. तरी मान्य करते, रात्री नारिंगी दिसल्या नसत्या तर मी नियमाचं बोलायला मालकांच्या केबिनमध्ये गेलेच नसते. आलेख छापून नेला होता. मालकांना भावना समजावून सांगायला वेळ लागतो, आलेख चटकन कळतो.

घ्यायचंच असेल तर काही बारकावे. दिवसभर हाताने काम करणाऱ्याने, यंत्रावर उभं राहणाऱ्याने, सारखं चालणाऱ्याने दिवसाच्या आकड्यासाठी पैसे घालू नयेत. भगदाडंच हाती लागतील. खुर्चीत बसून काम असेल तर आलेख भरलेला येईल, पण तो भरलेला आहे म्हणून खरा समजू नका. ज्यांना आधीच तब्येतीच्या प्रत्येक आकड्याची धास्ती वाटते त्यांनी हे प्रकरण घरात आणूच नये. छातीत दुखणं, धडधड, आठवडेच्या आठवडे झोप नाही, उठावंसंच न वाटणं, असं काही असेल तर घड्याळ निळं दाखवो की नारिंगी, डॉक्टरांकडे जा. बॅटरी माझ्या वापरात आठवडा जेमतेम काढते. चार्जिंगला संध्याकाळी लावा, रात्री लावलंत तर ज्या कामासाठी घेतलं तेच बुडतं. पट्टा फार सैल नको, प्रकाश आत शिरला की वाचन बिघडतं. फार घट्टही नको. आणि रबरी पट्ट्याखाली घाम साचून मनगटाला खाज सुटते, ती मला सुटली. रोज धुऊन कोरडा करून घातला, रात्रीपुरता दुसऱ्या हातात बांधला, मग थांबली. कापडी पट्टा वेगळा मिळतो, तो सोबतच घेतलेला बरा.